पडद्यावर काय असावे

१८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखविण्याचे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचे प्रयोग सुरू केले. आणि त्याच्याही पुष्कळ आधीपासून कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक लोकांपुढे धरून त्यांची कथा गाऊन सांगत आले होते. या दोन्ही कलांत डोळ्यांनी पाहावयाचे ते चित्रात आणि कानांनी ऐकावयाचे ते निवेदकाच्या वाणीत, अशी कामाची स्पष्ट वाटणी होती. आज शाळा-महाविद्यालयांपासून जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीपर्यंत सर्वत्र जी सादरीकरणे होतात, त्यांतील बहुतेकांचा दोष हाच, की ही वाटणी मोडली आहे.

ती का मोडली, याचे कारण साधनाच्या सुलभतेत आहे. पूर्वी स्लाइड करून घ्यावयाची म्हणजे चित्रकाराकडे मसुदा द्यावा लागे आणि खर्चही सोसावा लागे. त्यामुळे काय दाखवावे याचा विचार आपोआपच आधी होत असे. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडविलेली पॉवरपॉइंट ही प्रणाली १९८७ च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तिच्या मूळ कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतले, आणि पुढे स्लाइड करणे इतके सोपे झाले, की तिच्यावर काय घालू नये हे ठरविण्याची गरजच कोणास भासेनाशी झाली. वक्ता तिलाच आपली टाचणे समजतो, आयोजक तिलाच श्रोत्यांना वाटावयाचा कागद समजतात आणि कार्यालय तिलाच दप्तरी ठेवावयाचा दस्तऐवज समजते. ही तीन कामे भिन्न आहेत, आणि ती एकाच पृष्ठावर लादली म्हणजे तिन्ही बिघडतात.

हा बिघाड किती गंभीर असू शकतो, याचा एक दाखला अमेरिकेच्या अवकाश-संशोधनाच्या इतिहासात आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. आपल्या कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला त्यांच्यांत होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून आपले निष्कर्ष नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडले.

त्यांतील एक स्लाइड पुढे एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने शब्द न् शब्द तपासली, आणि तिची मांडणी पाहण्याजोगी आहे. ठळक शीर्षकाचा भावार्थ असा, की चाचण्यांची माहिती पाहता उष्णतारोधक फरशांच्या छेदाविषयीचा अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकणारा आहे. म्हणजे शीर्षकापुरतेच वाचणाऱ्यास दिलासा मिळावा. त्याखाली मुद्दा, उपमुद्दा, उपमुद्द्याचाही पोटमुद्दा अशा उतरत्या पायऱ्या, आणि ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच मोघम शब्द पाच वेळा, पण प्रत्येक वेळी त्याचे माप निराळे. अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी वार्ता होती: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता, आणि प्रत्यक्षात आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे सहाशे चाळीस पट! ज्या चाचण्यांच्या आधारावर शीर्षकातील दिलासा उभा होता, त्या चाचण्या या आघाताला लागूच पडत नव्हत्या. आणि ही गोष्ट त्या पृष्ठावर असूनही नसल्यासारखी होती.

१ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्सासच्या आकाशात भंगले आणि सातही जण मृत्युमुखी पडले. या अनर्थाचे खापर एका स्लाइडवर फोडणे अन्यायाचे होईल; कारणे अनेक होती, व त्यांत वरिष्ठांची बेफिकिरीही होती. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तांत्रिक निबंधाऐवजी स्लाइडवर भिस्त ठेवण्याच्या पद्धतीवर स्पष्ट ठपका ठेवला. मला स्वतःला त्या स्लाइडवरील शेवटची ओळ शीर्षकाच्या जागी असती तर, हा विचार सोडवत नाही.

म्हणून सादरीकरणाच्या तयारीस बसणाऱ्याने संगणक उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर प्रत्येक पृष्ठाचे म्हणणे एका पूर्ण वाक्यात लिहावे, आणि ते वाक्यच शीर्षक करावे. समजा, तहसील कचेरीत टंचाईचा आढावा मांडावयाचा आहे. ‘पाणीटंचाई : सद्यःस्थिती’ या शीर्षकाने सभेला काहीच कळत नाही, ‘एप्रिलअखेर तीन गावांना टँकर द्यावा लागेल’ असे लिहिले, की अधिकारी सरळ बसतो आणि कोणती गावे म्हणून विचारतो. त्या शीर्षकाखाली मग बावीस रकान्यांचा तक्ता नको. त्या तीन गावांच्या विहिरींची पाणीपातळी दाखविणारा एक आलेख पुरे, आणि बाकीचा तपशील छापील कागदावर प्रत्येकाच्या हाती द्यावा. ज्याचे म्हणणे एका वाक्यात मावत नाही ते पृष्ठ दोन पृष्ठांचे असते, आणि ज्याचे वाक्यच होत नाही ते गाळावयाचे असते.

पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविण्याची सवय तर कटाक्षाने सोडावी. मनात वाचण्याचा वेग बोलण्याहून अधिक असतो. श्रोता खालच्या ओळीपर्यंत पोहोचलेला असतो, तेव्हा वक्ता दुसऱ्या ओळीवर असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतही चित्र आणि बोललेले निवेदन यांच्या जोडीला तेच निवेदन अक्षरांत दिले असता बहुधा समज वाढण्याऐवजी घटते, असेच आढळले आहे. काही काळ पडदा नकोच असेल, तर पॉवरपॉइंटमध्ये कळफलकावरील इंग्रजी ‘बी’ ही कळ दाबताच तो काळा होतो, आणि सभेची नजर वक्त्याकडे वळते. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

मराठीतून मांडणी करणाऱ्यास आणखी थोडी दक्षता हवी. रोमन लिपीच्या हिशेबाने ठेवलेले ओळींमधील अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरची वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. अति ठळक वळणात ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारख्या जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजून ती दुरून ओळखू येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर भलत्याच चिन्हांत दिसतो. तेव्हा युनिकोड फाँट वापरावा आणि पीडीएफ प्रत जवळ असू द्यावी. २८ पॉइंटांहून लहान अक्षर पडद्यासाठी घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. मजकूर मावत नसेल तर अक्षर नव्हे, मजकूर कमी करावा. खिडक्यांतून ऊन येणाऱ्या आपल्याकडील सभागृहांत फिकट रंग पार धुऊन जातात, आणि तांबडा-हिरवा भेद काही श्रोत्यांना दिसतच नाही. म्हणून सभेपूर्वी शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक पृष्ठ एकदा स्वतः वाचून पाहावे.

आणि ज्यांच्याकडे बैठकीचे अध्यक्षपद असते, त्यांना एक विनंती. जेथे पैशाचा, आरोग्याचा किंवा माणसांच्या जिवाचा निर्णय घ्यावयाचा असेल, तेथे केवळ स्लाइडवर समाधान मानू नका. सलग वाक्यांत लिहिलेले दोन-चार पानांचे टिपण आगाऊ मागवा, ते वाचून या, आणि वक्ता उभा राहताच त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की यात आम्हांस सर्वांत अधिक काळजी करावयास लावणारी गोष्ट कोणती, आणि ती कितव्या पृष्ठावर आहे.