खुराडं उघडायच्या आधी

अजून नीट फटफटलेलं नाही. खटाव तालुक्यातली माळावरची वस्ती, माघातली थंडी, आणि मी मावशीच्या पडवीत उकिडवी बसून बॅटरी धरलीये. समोर पाटी. पाटीत राख, राखेवर काड, काडावर तांबडी कोंबडी. कडेला एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा, आभाळ कडाडलं तर अंडी नासू नयेत म्हणून. माघात कुठलं आभाळ कडाडतंय, असं मी म्हणत नाही. मावशीच्या घरात प्रश्न चहानंतर विचारायचे असतात.

मावशी कोंबडीच्या पोटाखाली हात घालते. कोंबडी पिसं फुलवून मनगटावर टोच मारते. "हां हां, तुझीच हायेत," म्हणत मावशी एक अंडं बाहेर काढते, आधी स्वतःच्या कानाला लावते, मग माझ्या. ऊबदार कवचाआड बारीक चिवचिव.

"बोलतंय नव्हं? एकविसावा दिवस आज."

अंड्याच्या रुंद टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलंय. भोकात चोचीचं टोक, टोकावर पांढरा ठिपका. ते हलतं, थांबतं, बराच वेळ थांबतं. माझं नख आपसूक कवचाच्या टवक्याकडे जातं आणि हातावर चापट बसते.

"त्येचं त्येला यिऊ दे. म्या नवी आल्ते तवा दोन मारली आशी सोलून. रगात गेलं."

खरं आहे. कवचाच्या आतल्या पापुद्र्यावर शिरांचं जाळं असतं. त्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात पुरतं ओढलं जाईपर्यंत पिल्लू मध्येच थांबतं, ते थकलेलं नसतं. अंडं परत पोटाखाली जातं.

यातली बरीचशी अंडी गिरिराजची आहेत आणि रवणीला बसलीये ती मात्र गावरान. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. वजनाला भारी, अंडीही गावरानपेक्षा खूप जास्त. पण ती सहसा खुडूक होत नाही. अंडं घालते आणि चालू पडते. म्हणून तिची अंडी या तांबडीच्या पोटाखाली. तेरा ठेवली होती. आठव्या दिवशी अंधारात बॅटरीसमोर धरून पाहिली, दोन नुसतीच पिवळी दिसली, ती काढून घेतली. राहिली अकरा.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली दुसरी कोंबडी सात दिवसांची नऊ पिल्लं घेऊन कुरकुरतीये. तिला अजून सोडलेलं नाही, खुराडंही बंद आहे. कारण पिल्लांना लस द्यायला पशुसखी यायचीये.

ती येते तेव्हा उजाडलेलं असतं. स्कूटीच्या हँडलला थर्मास, थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बोटाएवढी शिशी. तिच्या मागोमाग खालच्या आळीतल्या पाच-सहा बायका पदराखाली, टोपलीत, एक तर चक्क प्रेशर कुकरच्या भांड्यात पिल्लं घेऊन येतात. लस आहे लासोटा, मानमोडीवरची. शिशी शंभर पिल्लांची आणि कुणाच्याच घरी शंभर पिल्लं नाहीत. एकदा द्रव घालून हलवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. त्यामुळे सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी एका अंगणात गोळा करावी लागतात. ज्या वस्तीत बायका एकमेकींशी बोलत नाहीत तिथे मानमोडी जास्त येत असणार, असं माझं आपलं मत. पुरावा काही नाही.

कागदोपत्री या रोगाला हिमालयातल्या राणीखेतचं नाव आहे. वस्तीवर मानमोडी हेच चालतं, कारण जे दिसतं तेच नाव. मान पिळवटते, कोंबडी जागच्या जागी गोल फिरते, हिरवी हगवण लागते आणि चार-पाच दिवसांत खुराडं रिकामं. एकदा आली की औषध नाही. मावशीनं तीन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात बावीस कोंबड्या खड्ड्यात पुरल्यात. तो खड्डा आता शेवग्याखाली आहे, शेवग्याला शेंगा भरपूर येतात, त्याविषयी ती बोलत नाही.

"डोळा उघडा धर. एकच थेंब. पापणी मिटली की मग सोड," पशुसखी मला सांगते.

मुठीत पिल्लू म्हणजे नुसती धडधड. अंगठ्यानं डोकं सावरते, थेंब पडतो, डोळ्यावर टिचभर भिंग होऊन क्षणभर राहतो, पापणी खालून वर मिटते, थेंब आत. दुसऱ्याच्या वेळी माझा हात हलतो आणि थेंब डोक्यावर. मी तसंच सोडायला जाते.

"टकुऱ्यावर पडलेल्यानं मान वाचत न्हाय," कुकरवाली म्हणते. सगळ्या हसतात. परत धरते, परत थेंब.

मोठ्या कोंबड्यांची लस वेगळी, ती टोचायची. ती दिवाळीनंतर झालीये. शिशी संपते, टोपल्या घरोघर जातात. मग मावशी खुराड्याची फळी सरकवते.

कोंबड्या बाहेर पडत नाहीत, सांडतात. आधी कोंबडा, मग तलंगा, शेवटी जडशीळ गिरिराज डुलत डुलत. मावशी ओठ न हलवता मोजते. गेल्या महिन्यात सकाळी मोजणी चारनं कमी भरली होती. मुंगूस. फळीखाली चार बोटांची फट होती, तिथे आता दगड आहे.

सगळी फौज सरळ परसबागेकडे धावते आणि कुंपणाशी अडते. बाभळीच्या फेसाट्या, त्यावर जुन्या साड्या ताणून बांधलेल्या. जांभळी, पोपटी, एक लग्नातली असावी अशी. आत पाच-सहा वाफे: वांगी, मिरची, लसूण, कांदापात, घेवड्याचा मांडव आणि चार दिवसांपूर्वी फोकलेली मेथी, नुकती कान वर काढणारी.

शेतीच्या पुस्तकांत या सगळ्याचं एक गोल चित्र असतं. कोंबडी खत देते, खतावर भाजी येते, भाजीचा पाला शेळी खाते, बाणावर बाण. चित्र काढणाऱ्यानं मेथीच्या वाफ्यात शिरलेली कोंबडी पाहिलेली नसावी. दोन पायांनी उकरत ती पाच मिनिटांत वाफ्याचं मैदान करते. त्या चित्रात कुंपण नसतं, आणि दिवसातून चाळीसदा "हाऽऽड्" म्हणणारी बाईही नसते. कोंबड्या आणि भाजी यांचं वैर आहे. मावशी दोघांत समेट घडवते आणि तो वेळा सांभाळून. वाफा रिकामा झाला की दोन-तीन दिवस कोंबड्या आत. त्या हुमणी, किड्यांची अंडी, तणाचं बी, सगळं वेचून काढतात. मग त्या बाहेर आणि बी आत. कोंब वर आला की साड्या ताठ.

एक काळी तलंग मात्र फेसाटीवरून उडी मारते. मावशी तिला पकडते, माझ्याकडे देते आणि कात्रीनं एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं छाटते. एकाच बाजूची, म्हणजे उडताना तोल जातो. दोन्ही बाजूंची छाटली तर जमेल तेवढं उडतेच. पिसं छाटताना तिला दुखत नाही, आपली नखं कापावीत तसं. सुटताच ती परत उडी मारते, तिरकी होऊन वैरणीवर आदळते आणि आमच्याकडे असं बघते की मला खाली बघावं लागतं.

आता वांगी. मावशी झाडाझाडाशी वाकते. ज्याचा शेंडा मान टाकून लोंबतोय तो चिमटीनं खुडते. मोडलेल्या देठात बारीक भोक, भोकात गुलाबीसर अळी. शेंडा कुंपणापलीकडे भिरकावते. कोंबड्या तुटून पडतात, एक अळी घेऊन पळते, सहाजणी तिच्यामागे. तीस-पस्तीस शेंडे. "हीच फवारणी आमची," मावशी म्हणते. अर्ध्या खरेपणानं म्हणते; गेल्या पावसाळ्यात अळी आवरली नाही तेव्हा तिनंही औषध मारलं होतं.

खताचंही तसंच. खुराड्यातली शीट ती ताजी कधीच झाडाला घालत नाही. ते खत गरम. एकदा मिरचीला घातलं आणि आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. शीट, राख, पालापाचोळा खड्ड्यात जातं, पुढच्या हंगामाला निघतं. चालू हंगामाला शेळीच्या लेंड्या. शेळी एकच, उस्मानाबादी, काळी कुळकुळीत, गाभण. तिला शेवरीचा डहाळा टांगून द्यायचा, खाली टाकलेला ती हुंगून सोडते. न्हाणीचं पाणी पन्हाळीनं अळवाला. या तालुक्यात पाणी एकदा वापरून संपत नाही.

रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचं लांबलचक पत्र्याचं शेड आहे, रिकामं. काही वर्षांपूर्वी कडकनाथची पिल्लं देऊ, अंडी आम्हीच घेऊ, असं सांगत माणसं गावोगाव फिरत होती, तेव्हाचं. पैसे गेले, शेड राहिलं, त्यात आता कडबा आहे. मावशीला विचारलं तूही का नाही घेतलीस, तर म्हणते, "माझ्याकडं येवढं पैसं कुठलं?"

पैसे आहेत. ज्वारीच्या डब्यात, दाण्यांत टोक खाली करून ठेवलेल्या अंड्यांशेजारी एक प्लास्टिकची पिशवी आहे. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी काकांच्या खात्यावर जातं. अंड्याचे पैसे कुणाच्याही खात्यावर जात नाहीत. माझ्या मावसबहिणीच्या बारावीची फी या पिशवीतून गेली. काकांना ते नंतर कळलं.

अचानक अंगण गप्प होतं.

कोंबड्यानं एकच लांब, घशातला सूर काढलाय. सात दिवसांची पिल्लं, जी आत्ता उकिरड्यावर पसरली होती, ती नाहीतच. कोंबडी तेवढी आहे, दुप्पट रुंद झालेली. काळी तलंग वैरणीखाली. अंगणावरून एक सावली सरकते, जास्वंदीवर, साड्यांवर, माझ्या हातावर. मी वर बघते तोवर घार शेजाऱ्याच्या शेडवरून पुढे गेलेली असते. मावशी झाडू आपटत उभी. कोंबडीच्या पंखाखालून एक डोकं बाहेर येतं, मग दुसरं. मावशी मोजते. नऊ.

अकराची एसटी आहे. निघताना परत पाटीशी वाकते. तांबडीच्या छातीखालून ओली, काटक्यांसारखी पिल्लं बाहेर डोकावतायत, काही सुकून गोंड्यासारखी झालीत. मावशी माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी आणि वांगी घालते आणि वांगी खाली ठेव म्हणून मी सांगायच्या आत अंडी वर काढते.

अकरापैकी आठ निघालीत. दोन अंडी गार आहेत. एक अजून बोलतंय.