युद्धकालीन मनोधैर्य
युद्धकालीन मनोधैर्य : हालअपेष्टा सोसूनही युद्ध चालू ठेवण्याची सैन्याची व नागरिकांची सामूहिक मानसिक तयारी. युद्ध लांबले की ती ओसरू लागते. मृत्यूचे भय हे त्याचे एक कारण होय. तथापि युद्धाचा शेवट दृष्टिपथात नसणे व मिळविलेले यश न टिकणे ही कारणे अधिक खोलवर परिणाम करतात. औरंगजेबाची दक्षिण मोहीम (१६८१–१७०७) हे याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

विजापूर (१६८६) व गोवळकोंडा (१६८७) ही राज्ये जिंकून आणि १६८९ मध्ये छत्रपती संभाजींचा वध करूनही युद्ध संपले नाही. जिंजीचा वेढा आठ वर्षे (१६९०–९८) रेंगाळला. साताऱ्याच्या वेढ्यात १७०० मध्ये मोगलांनीच उडविलेल्या सुरुंगाने तट त्यांच्या सैन्यावर कोसळला व सु. २,००० माणसे गाडली गेली. विशाळगड अखेर पैसे देऊन ताब्यात घ्यावा लागला. असे कष्टाने मिळविलेले अनेक किल्ले मराठ्यांनी काही वर्षांतच परत घेतले. जहागिरींच्या तुटवड्यामुळे मनसबदारांचे उत्पन्न अनिश्चित झाले होते. मोगल सैन्यात नोकरीस असलेला इतिहासकार भीमसेन सक्सेना याने तंबूंतच जन्मलेल्या व वाढलेल्या पिढीचा उल्लेख केला आहे. घरापासून तुटलेल्या सैन्याच्या मनःस्थितीचे याहून बोलके वर्णन क्वचितच आढळेल.

रयतेची स्थिती याहून बिकट होती. मोगलांचा सारा व मराठ्यांची चौथ असा दुहेरी भार तिच्यावर पडे. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाडात (लोणार व मेहकर हा भाग याच सुभ्यात मोडे) शिरला व तेथील मोगल अधिकारी रुस्तुमखान कैद झाला. तेव्हा मोगली संरक्षणावरील विश्वास उरण्यासारखा नव्हता. १७०२–०४ मधील दुष्काळ व साथीत वीस लाखांवर माणसे दगावली, असे मनुची म्हणतो.

मराठ्यांची बाजूही अभंग नव्हती. वतनासाठी पक्ष बदलणारे सरदार तीत पुष्कळ होते. मात्र ते स्वतःच्या मुलखात लढत होते व एखादा किल्ला गेल्याने त्यांचा लढा संपत नसे.

पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये फ्रेंच सैन्यात बंडाळी झाली. सैनिक खंदक राखण्यास तयार होते, निष्फळ चढाया करण्यास नव्हते. सेनापती पेतँ याने शिक्षेबरोबरच रजा व अन्न यांत सुधारणा केल्यावर शिस्त पूर्ववत झाली. जर्मनीत नाकेबंदीमुळे शहरांत अन्नटंचाई झाली व घरच्या उपासमारीची वार्ता पत्रांतून आघाडीवरील सैनिकांपर्यंत पोहोचत राहिली.