आखूड नळीचा नेम आणि घोलवडची वाडी

शिकारीच्या बंदुकांमध्ये आखूड नळीची अर्धस्वयंचलित रायफल अनेक देशांत लोकप्रिय आहे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु पुढचे काडतूस सुटलेल्या गोळीच्याच जोरावर आपोआप नळीत चढते, अशी रचना असलेल्या बंदुकीला अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात ती स्वयंचलित. नळी आखूड असल्यामुळे ही रायफल झुडपांत, उसात किंवा वाहनातून वागवायला सोयीची पडते आणि ज्या देशांत रानडुकरांच्या शिकारीला मुभा आहे तेथे तिला मागणी असते. तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी आणि तिच्यात कोणते काडतूस भरावे, हे प्रश्न वरवर हौशी शिकाऱ्याचे वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी अंतर, वेग आणि इजा यांचे जे नाते आहे ते डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, जेथे अशी रायफल कोणाच्या हाती असू शकत नाही तेथेही, एका वेगळ्या बंदुकीच्या निमित्ताने पुन्हा उभे राहते.

आधी नळीचा विचार करणे योग्य ठरेल. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू गोळीला ढकलत नेतो आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच हे ढकलणे चालते. म्हणून नळी जितकी आखूड तितका वायूला मिळणारा अवधी कमी आणि गोळीचा वेगही कमी. रायफलीच्या नेहमीच्या काडतुसांत नळीच्या दर इंचामागे सेकंदाला साधारण ८ ते १५ मीटर वेग घटतो, असा ढोबळ हिशेब केला जातो. न जळलेली दारू नळीच्या तोंडाशी पेटल्यामुळे ज्वाळा आणि आवाज वाढतात, ते वेगळेच. शिकारीची गोळी बहुधा मऊ टोकाची असते व ती प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर फुलावी अशी अपेक्षा असते. परंतु अशा अनेक गोळ्यांना फुलण्यासाठी सेकंदाला साडेपाचशे ते सहाशे मीटरचा वेग लागतो, आणि आखूड नळीतून निघालेली गोळी लांबच्या अंतरावर त्याखाली आली तर ती फुलत नाही, नुसती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन रानात निघून जाते. म्हणून जाणकार शिकारी अशा रायफलीसाठी कमी वेगालाही फुलणारी गोळी निवडतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या नेमाचे अंतर स्वतःहून मर्यादित ठेवतो.

दुर्बिणीचेही तसेच आहे. जास्त पटीने मोठे दाखवणारी दुर्बीण अधिक चांगली, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती जवळच्या नेमाला घातक आहे. पट वाढली की दिसणारा परिसर आकसतो, हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि हलणारे जनावर भिंगात सापडेनासे होते. प्रकाशाचा हिशेबही पटीशी जोडलेला असतो: पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले असता जो आकडा येतो तेवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात पोहोचतो, म्हणजे ४२ मिलिमीटरचे भिंग आणि ६ पट असेल तर ७ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. म्हणून तिन्हीसांजेला तेच भिंग १२ पटीला नेले तर झोत साडेतीन मिलिमीटरवर येतो आणि दृश्य काळवंडते. याच कारणाने आखूड नळीवर एक ते चार पटीची छोटी दुर्बीण किंवा पट न वाढवता काचेवर लाल ठिपका दाखवणारे साधन बसवतात. बंदुकीच्या टोकावरची जुनी माशी जे काम करीत असे, तेच काम हा ठिपका दोन्ही डोळे उघडे ठेवून करू देतो.

भारतात मात्र हा सारा विचार कायद्याच्या उंबरठ्यावरच थांबतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत अर्धस्वयंचलित रायफली पहिल्या वर्गात, म्हणजे सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर ठेवलेल्या आहेत. लष्करी काडतूस ज्यात चालेल अशा बोअरच्या रायफलींचीही तीच गत, आणि म्हणूनच इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी लष्करी .३०३ ऐवजी .३१५ बोअरची रायफल काढली. बंदुकीची नळी परवान्याशिवाय कापून आखूड करणे हाही याच अधिनियमाने गुन्हा ठरवला आहे. २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, जिच्या नळीत आटे नसतात ती, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी आणि तोंडाकडून दारू भरण्याची ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी, एवढीच वाट नागरिकाला तुलनेने मोकळी आहे. बारा बोअरच्या बंदुकीची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. परंतु परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली तरतूदही काढून टाकली. या अधिनियमातील शिकारीची व्याख्या फार व्यापक आहे: मारणे तर सोडाच, पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाकारणे हेही तिच्यात येते.

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या घोलवडचा भूगोल पाहिला की ही कडक शिस्त येथे किती गरजेची आहे ते कळते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बाहरोटच्या बाजूचे डोंगर, मध्ये पश्चिम रेल्वेचा मार्ग आणि त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या. २०१६ मध्ये ज्या डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच वाड्यांतला. चिकूचे झाड पसरट, सदाहरित आणि दाट सावलीचे असल्यामुळे वाडीत फार लांबवर काहीच दिसत नाही. पलीकडे डहाणू-तलासरीचे वारली पाडे, भातखाचरे आणि जंगल एकमेकांत मिसळलेले आहेत. १९९१ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. अशा भूमीत रायफलीची चुकलेली गोळी कोठे जाऊन थांबेल हे सांगता येत नाही. झाडाआड घर असते, घरामागे वाट असते आणि वाटेवर माणूस असतो. वारली समाजाने वाघदेवाला आपल्या देवतांमध्ये स्थान दिले आहे, त्यामागे जंगल आणि वस्ती यांच्यात भिंत नसल्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भान आहे.

बिबट्या या भागातील जंगलांत आहे आणि कधीतरी तो विहिरीत पडतो, घरात शिरतो किंवा फासात अडकतो. तो वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि त्याला पकडणे, भूल देणे किंवा दुसरीकडे हलवणे अशक्य आहे अशी खात्री झाल्याखेरीज मारण्याचा आदेशच देता येत नाही. म्हणून घोलवडमध्ये ज्या बंदुकीला काम पडते ती भुलीची बंदूक होय. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या साधनाचा पाया घातला. तिच्या आजच्या प्रचलित प्रकारात दारू नसते; कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब डार्टला, म्हणजे शेपूट असलेल्या उडत्या पिचकारीला, फेकतो. डार्टमध्ये दोन कप्पे असतात, पुढच्यात औषध आणि मागच्यात दाबून भरलेली हवा. सुईचे टोक बंद असते, छिद्र तिच्या कडेला असते आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की ती नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि मागची हवा औषध स्नायूत ढकलते.

आखूड नळीच्या रायफलीचा जो पेच आहे तोच येथे कितीतरी तीव्र होतो. रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर जात असेल, तर २० मीटर अंतर ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापते आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणामुळे जेमतेम ३ मिलिमीटर खाली येते. डार्टचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर त्याच २० मीटरला ०.४ सेकंद लागतात आणि डार्ट जवळजवळ ८० सेंटिमीटर खाली येतो. ३० मीटरला हीच घट पावणेदोन मीटरवर जाते. नेमाची माशी किंवा ठिपका ही घट भरून काढेल अशा कोनात जुळवलेला असतो, पण तो एका ठरावीक अंतरासाठीच. म्हणजे १५ मीटर समजून प्रत्यक्षात २० मीटरवर डागलेला डार्ट पोटाखालून निघून जातो किंवा पायाच्या हाडावर आदळतो. उपाय म्हणून दाब वाढवावा तर आघात वाढतो, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग ५० वरून ७० झाला की ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि औषध देण्यासाठी निघालेली सुई हाड मोडू शकते.

या गणितावरून दुर्बिणीचा निर्णय आपोआप होतो. शंभर मीटरसाठी जुळवलेली, नऊ-दहा पटीची रायफलीची दुर्बीण भुलीच्या बंदुकीवर निरुपयोगी आहे. १५ मीटरवर तिच्यातून बिबट्याचे धूसर ठिपके तेवढे दिसतील आणि डोळा किंचित बाजूला सरकला तरी नेम हलेल. साधी माशी, लाल ठिपका किंवा जवळच्या अंतरावर स्पष्ट दिसणारी कमी पटीची दुर्बीण पुरेशी असते. खरा खर्च करावा तो लेझरच्या अंतरमापकावर, कारण सावलीत दबून बसलेल्या जनावराचे अंतर डोळ्याने सांगताना अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो आणि वायूचा दाब तर अंतरावरूनच ठरतो.

काडतुसाच्या जागी येथे औषध आहे, आणि त्याची निवड नेमबाजाची नव्हे, पशुवैद्यकाची जबाबदारी आहे. मोठ्या मार्जारकुळासाठी झायलाझिन आणि केटामाइन यांचे मिश्रण बराच काळ वापरात आहे. केटामाइनवर सरकारचे कडक नियंत्रण असल्यामुळे ते कोणाच्याही कपाटात असू शकत नाही. प्रौढ मादी पस्तीस किलोची असू शकते आणि नर साठ-सत्तरचा. मात्रा किलोवर ठरते, म्हणून दुर्बिणीतून पाहून वजनाचा अंदाज बांधणे हा नेमाचाच भाग होतो. मात्रा कमी पडली तर अर्धवट गुंगीतले घाबरलेले जनावर अधिक धोकादायक ठरते, जास्त झाली तर श्वास मंदावतो. डार्ट बसल्यानंतरही भूल चढायला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात पिटाळलेला बिबट्या धावत सुटला तर त्याच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर चढते किंवा तो विहिरीत, रुळांवर, वस्तीत जाऊन पडतो. झायलाझिनचा परिणाम उतरवणारे औषध आहे, केटामाइनचा उतरवणारे नाही. त्यामुळे जागे होण्याची घाई करता येत नाही. चित्रपटांतून तत्क्षणी कोसळणाऱ्या वाघांनी लोकांच्या मनात जी कल्पना रुजवली आहे, तिने प्रत्यक्ष कामाचे फार नुकसान केले आहे.

हे नियम कागदापुरते राहिले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ ऊर्फ अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली. आदेश आधी भूल देऊन पकडण्याचा होता. नंतरच्या चौकशीत रात्रीची वेळ, पशुवैद्यकाची अनुपस्थिती आणि बऱ्याच आधी भरून ठेवलेले औषध यांवर गंभीर आक्षेप घेतले गेले. त्या वाघिणीमुळे अनेक माणसांचे प्राण गेले होते, ही गोष्ट कमी लेखता येणार नाही; परंतु म्हणूनच भुलीची पूर्वतयारी अधिक काटेकोर हवी होती. याउलट २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातच, वसई किल्ल्याच्या परिसरात वावरणारा बिबट्या बरेच दिवस थांबून अखेर सापळ्याच्या पिंजऱ्यात सापडला. जेथे पिंजरा आणि धीर पुरेसा पडतो तेथे डार्टही उचलू नये, हेच योग्य.

घोलवडपासून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंतचे, म्हणजे जेथे बिबट्यांच्या बचावाचा अनुभव असलेले पथक आहे तेथपर्यंतचे, अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. पथक येईपर्यंतचे काही तास गावाच्या हाती असतात आणि डार्टचा नेम लागेल की नाही हे त्या तासांतच बरेचसे ठरते. वाडीत बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, जनावर नेमके कोठे आहे आणि कोणत्या बाजूला वस्ती आहे ते सांगावे, त्याला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवावी, फटाके आणि दगड हातांत घेऊ नयेत, आणि मोबाइल घेऊन जवळ जाणाऱ्या मुलांना घरातील वडीलधाऱ्यांनी आवरावे.