दुधाचे दात : दुर्लक्ष नको, जपणूक हवी

"दुधाचेच दात ते, पडणारच आहेत. त्यांची एवढी काळजी कशाला?" हे वाक्य आपल्या घराघरांतून आजही ऐकू येते. ह्या एका समजुतीपायी तीन-चार वर्षांची बालके दाढेच्या ठणक्याने रात्रभर रडतात, जेवण टाकतात आणि वजनाने मागे पडतात. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय पालक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

बाळाला साधारणपणे सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे सुमारे आठ वर्षे मूल त्यांच्यावरच जेवते. शिवाय ह्या दाढा खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. दाढ अकाली गेली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. आपल्या तोंडातील डोळ्यांना न दिसणारे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण हळूहळू विरघळवते. लाळ ही झीज भरून काढते. पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. मूल दिवसभर गोळ्या-बिस्किटे चघळत राहिले तर लाळेला ही उसंत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले ह्याइतकेच ते किती वेळा खाल्ले ह्यालाही महत्त्व आहे.

झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे चार दात सर्वप्रथम किडतात. खालचे दात जिभेच्या आड असल्याने बहुधा वाचतात.

किडीची पहिली खूण काळी नसून पांढरी असते. हिरडीलगत चुन्यासारखा पांढरा पट्टा दिसतो. तो दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. ह्याच वेळी काळजी घेतली तर कीड थांबू शकते. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून आईने दात पाहावेत.

पालकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१) पहिला दात दिसताच सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासावेत. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्या माणसाने करावे.

२) फ्लोराईडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच घ्यावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातच फ्लोराईड जास्त आहे. तेथील पालकांनी दंतवैद्यांना विचारावे.

३) राखुंडी, कोळसा वा विटेची पूड वापरू नये. मशेरी ही तंबाखूच होय. ती मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

४) अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, ते दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. मात्र दात आल्यावर निजण्यापूर्वी ते स्वच्छ करावेत. बाटलीऐवजी वाटी-चमच्याची सवय लावावी.

५) पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवावे.

सहाव्या वर्षी आणखी एक चूक घडते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, नवी दाढ येते. ती कायमची असते. पण पालक तिला दुधाची समजून किडू देतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांच्या दातांचीही तपासणी होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पण दाढ ठणकू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा रोज रात्रीची दोन मिनिटे मुलासाठी काढणे प्रत्येक घराला परवडणारे आहे. आजच रात्री बाळाचा ओठ उचलून पाहा, एवढीच सर्व माता-पित्यांना आमची कळकळीची विनंती.