नवा सीपीयू घेण्याआधी मागच्या केबल तपासा

विंडोज 10 ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. डहाणू तालुक्यात आगर, नरपड, चिखले ते बोर्डी या किनाऱ्यावर आणि आत तलासरीपर्यंत झेरॉक्सची दुकाने, सेवा केंद्रे, शाळांची कार्यालये, चिकूच्या वाडीचे हिशेब ठेवणारी घरे अशा ठिकाणी विंडोज 10 वरचे जुने डेस्कटॉप अजून कामावर आहेत. ते त्या तारखेला बंद पडले नाहीत. पण ज्या संगणकातून लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि जातीच्या दाखल्यांचे अर्ज जातात, तो दुरुस्तीविना इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत मिळते. ती विचार करण्यासाठी वापरावी, टाळाटाळीसाठी नको.

दुकानदार पहिल्या भेटीतच नवा संच सुचवेल. त्याआधी प्रोसेसरचे नाव वाचा. इंटेलच्या आय 5-7400 मधला 7 म्हणजे सातवी पिढी. विंडोज 11 ला साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि सोबत टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन याचा निकाल देते. त्याने टीपीएम नाही असे सांगितले तरी लगेच हार मानू नका. पुष्कळ मदरबोर्डांवर ती सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीमध्ये एफटीपीएम.

यंत्र खरोखरच बाद ठरले, तरी प्रश्न एकट्या डब्याचा नसतो. खरी अडचण त्याच्या पाठीमागे लोंबणाऱ्या केबलांत असते, आणि खरेदीच्या वेळी नेमके तिकडेच कोणी पाहत नाही.

जुना मॉनिटर निळ्या, 15 पिनांच्या व्हीजीए केबलवर चालतो. नव्या संगणकाला बहुधा एचडीएमआय असते. दोन टोकांची नुसती केबल आणून चित्र येत नाही, कारण एक संकेत डिजिटल आहे आणि दुसरा अॅनालॉग. मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो स्वस्त असतो, त्यासाठी चांगला मॉनिटर भंगारात घालू नये. पावत्या छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर 25 पिनांच्या पॅरलल पोर्टचा असेल, तर यूएसबीची केबल बहुधा भागवते. त्याच पोर्टला मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल लावलेला असेल, तर मात्र ती केबल त्याला उपयोगी पडत नाही. विंडोज 11 फक्त 64 बिटचे आहे. 32 बिटचा जुना ड्रायव्हर त्यावर चालत नाही. म्हणून प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठा घेणारे यंत्र यांचे मॉडेल लिहून कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर आधी शोधा. जुन्या संगणकावर लिनक्स घालणार असाल, तरी हीच तपासणी करा.

मराठी मजकुराची काळजी वेगळी घ्यावी लागते. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायली त्या फॉन्टाविना उघडल्या, की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. जुना संगणक चालू आहे तोवर फॉन्ट काढून ठेवा आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवा.

रॅम जुन्यातून नव्यात जात नाही. डीडीआर 3 ची खाच डीडीआर 4 च्या सॉकेटशी जुळत नाही. साटा हार्ड डिस्क मात्र जाते. पण नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे हादरे बसत आले आहेत, आणि फिरत्या तबकडीला धक्के सोसत नाहीत. काम एसएसडीवर करा, आणि त्याची आणखी एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. यूपीएसने दम सोडला असेल, तर बहुतेक वेळा आतली 12 व्होल्टची बॅटरीच बदलायची असते.

आगरसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारी हवा पोर्ट आणि रॅमच्या पट्ट्या गंजवते. तलासरीत बरीच वर्षे टिकणारा भाग इथे लवकर खराब होऊ शकतो. म्हणून समुद्राकडच्या खिडकीपाशी संगणक मांडू नये, आणि पावसाळ्यात तो बरेच दिवस बंदही ठेवू नये. चालू यंत्राची ऊब आत दमट हवा साचू देत नाही. सेकंडहँड संच घेताना झाकण उघडून हिरवट डाग बघाच.

जुना संच देताना त्यातली डिस्क पूर्ण पुसा किंवा काढून घ्या. लोकांची कागदपत्रे भंगारवाल्याच्या हाती जाता कामा नयेत. उरलेले सामान नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत आदिवासी विद्यार्थ्यांच्या दाखल्यांची धावपळ जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत असते. एका केंद्राचा प्रिंटर अडला, तर पाड्यावरच्या मुलाचा एक दिवस आणि गाडीभाडे वाया जाते. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना विनंती एवढीच: संगणक मेच्या आत बदला, आणि नव्या यंत्रावर एकेक दाखला छापून बघेपर्यंत जुना काढू नका.