सेलमधला गेमिंग लॅपटॉप घेताय? दिवसा काम, रात्री गेम हे गणित आधी मांडा

छापील किंमत ९९,९९९ रुपये, सेलमधली किंमत ६२,९९० रुपये आणि शेजारी ठळक अक्षरांत '३७ टक्के सूट'. दसरा-दिवाळी, प्रजासत्ताक दिन आणि कॉलेज सुरू होण्याचा जून-जुलै, या तिन्ही हंगामांत अशा जाहिराती मोबाइलवर येऊन आदळतात. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला हा दुसरा-तिसरा लॅपटॉप असतो. पण नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यात (गडचिरोलीतला तालुक्याचा धानोरा वेगळा) शेतीवर चालणाऱ्या घरात येणारा संगणक बहुधा एकच असतो. तो कापसाच्या किंवा मिरचीच्या पैशातून येतो आणि चार-पाच वर्षं चालावा लागतो. त्यावरच कोडिंग शिकायचं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे, गावकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरायचे आणि रात्री व्हॅलोरंट किंवा जीटीएसुद्धा खेळायचं.

एकाच यंत्रावर हे सगळं जमतं का? जमतं. किंबहुना ६० ते ७० हजारांच्या टप्प्यात व्हिडिओ एडिटिंग किंवा कॅडचं काम करायचं असेल, तर गेमिंग लॅपटॉपइतकी ताकद दुसऱ्या प्रकारच्या लॅपटॉपमध्ये सहसा मिळत नाही. अडचण वेगळीच आहे. जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यावरून हा लॅपटॉप आपल्या घरात कसा चालेल ते कळत नाही.

सूट कशावर मोजली?

एमआरपी म्हणजे कमाल किंमत. त्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. त्या किमतीला तो लॅपटॉप कधी विकला गेला होता, असं त्यातून सिद्ध होत नाही. समजा हाच लॅपटॉप महिनाभरापूर्वी ६५,९९० रुपयांना मिळत होता. मग खरी सूट झाली ३,००० रुपये, म्हणजे साडेचार टक्के. किमतीचा जुना आलेख दाखवणाऱ्या वेबसाइट मोफत आहेत. मागच्या तीन-चार महिन्यांचा आलेख पाहिला की ३७ टक्क्यांची हवा निघून जाते.

जीएसटीच्या नावावरही फसू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून दर बदलले तेव्हा एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीही १८ टक्केच होता, आताही तेवढाच आहे.

राहिला 'नो कॉस्ट ईएमआय'. शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मधल्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं. आता होतं असं की, बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम विक्रेता किमतीत सूट म्हणून देतो. ६०,००० रुपयांचा लॅपटॉप, १२ हप्ते आणि १५ टक्के व्याज धरलं, तर दरमहा ५,००० रुपये जातात. त्यात व्याजाचा भाग सुमारे ४,६०० रुपयांचा असतो. तो सुटीत वळता होतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८३० रुपयांच्या आसपास, आपल्याच खिशातून जातो. त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम फार मोठी नाही, पण तिला 'नो कॉस्ट' म्हणता येणार नाही. रोखीने घेतल्यास तीच सूट मिळते का, हे त्या पानावर तपासून घ्या.

एकाच नावाचे दोन लॅपटॉप

आरटीएक्स ४०५० असं नाव असलेले दोन लॅपटॉप सारखे चालतीलच असं नाही. लॅपटॉपमधल्या या ग्राफिक्स चिपला ३५ ते ११५ वॉटपर्यंत वीज देण्याची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना दिली आहे. त्यामुळे बारीक आणि हलक्या लॅपटॉपमधली ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधली ४०५० यांच्या वेगात चांगलंच अंतर पडतं. हा आकडा टीजीपी या नावाने कंपनीच्या वेबसाइटवर असतो. विक्रीच्या पानावर तो बऱ्याचदा नसतो, आणि तो नसेल तिथे मी तरी शंका घेतो.

दुसरा आकडा व्हीरॅमचा. आरटीएक्स २०५० मध्ये ४ जीबी, ३०५० मध्ये ४ किंवा ६ जीबी, ४०५० मध्ये ६ जीबी आणि ४०६० मध्ये ८ जीबी मिळतं. सेलमध्ये सर्वांत स्वस्त दिसणारे लॅपटॉप बहुतेक ४ जीबीवाले असतात. त्यावर व्हॅलोरंट मजेत चालतं, पण फोर-के व्हिडिओची टाइमलाइन अडखळते आणि नवे मोठे गेम तर धापाच टाकतात.

प्रोसेसरच्या नावातही मेख आहे. रायझन ५ ७५३५एचएस आणि रायझन ५ ७६४०एचएस या दोघांची सुरुवात ७ ने होते, म्हणून दोन्ही एकाच पिढीचे वाटतात. एएमडीच्या त्या पद्धतीत रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात असते. ७५३५ मधला ३ जुनी रचना दाखवतो, ७६४० मधला ४ त्यापुढची. जुनी रचना वाईट नाही, फक्त तिला नव्याचा भाव देऊ नये.

पडद्याचं गणित कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. '१४४ हर्ट्झ' ठळक लिहिलेलं असतं, '४५ टक्के एनटीएससी' मात्र कोपऱ्यात. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा की वेब आणि मोबाइलसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या रंगांपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच रंग तो पडदा दाखवू शकतो. अशा फिकट पडद्यावर लग्नाचा अल्बम करणारा माणूस नकळत लाल रंग वाढवत नेतो. मग ग्राहकाच्या फोनवर नवरीचा शालू भडक आणि चेहरा टोमॅटोसारखा दिसतो. १०० टक्के एसआरजीबी असलेला पडदा दोन-तीन हजार जास्त देऊन मिळत असेल तर फोटो-व्हिडिओवाल्यांनी तोच घ्यावा. फक्त कोडिंग करणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही.

'आता ८ जीबी रॅम घेऊ, नंतर वाढवू' हा जुना सल्लाही आता तितकासा खरा राहिला नाही. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपबरोबरच १६ जीबी मिळत असेल तर तेच परवडतं.

मे महिना, पत्र्याचं छप्पर आणि पंखा

बहुतेक लॅपटॉप कंपन्या वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावं असं माहितीपत्रकात लिहितात. नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० अंश ओलांडतात. पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आतला प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे एसी खोलीत चाचणी केलेल्या यूट्यूबरला गेममध्ये जेवढे फ्रेम मिळतात, तेवढे मे महिन्यात धानोऱ्यात मिळतीलच असं नाही. व्हिडिओ रेंडर व्हायलाही जास्त वेळ लागतो.

यावर उपाय साधे आहेत. जड काम पहाटे किंवा रात्री लावा. लॅपटॉप खाटेवर, गोधडीवर ठेवू नका, कारण हवा खालूनच आत जाते. मागची बाजू इंचभर उचलली तरी फरक जाणवतो. नंदुरबारचा मिरचीचा हंगाम सुरू झाला की पथारीच्या आसपास राहणाऱ्यांना धुळीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. ती धूळ पंख्याच्या जाळीत बसते, म्हणून वर्षातून दोनदा साफसफाई हवी. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटी जाते की नाही, हे मात्र आधी कंपनीला विचारा.

विजेचंही पाहू. गेम खेळताना लॅपटॉप भिंतीतून १८० वॉट घेत असेल, तर रोज तीन तासांचे महिन्याला साधारण १६ युनिट होतात. नुसतं टायपिंग-ब्राउझिंग ३० वॉटवर होतं, त्याचे रोज आठ तास धरले तरी ७ युनिट. वीज गेली की लॅपटॉप बंद पडत नाही, पण गेम मंदावतो, कारण ग्राफिक्स चिपला लागणारी पूर्ण वीज बॅटरी देऊ शकत नाही. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो प्युअर साइन वेव्ह असलेला बरा. काही गेमिंग लॅपटॉपबरोबर १६ अँपिअरची जाड तीन पिनी येते. ती घरातल्या साध्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून दोन पिनी जुगाड करू नका. त्यात अर्थिंगच तुटतं आणि धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यापेक्षा वायरमनकडून एक सॉकेट बदलून घ्यावं, खर्च किरकोळ आहे.

आणखी एक गोष्ट शहरात बसून सुचत नाही. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या पुढे गेले आहेत. रोज २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर असा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील. तेही त्या ५० दिवसांत दुसरं काहीही पाहिलं नाही तर.

अर्जदाराचा आधार आणि क्रॅक केलेला गेम

काम आणि खेळ एकत्र आल्यावर खरा धोका इथे आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज गावोगावी अर्ज भरून देणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये शेकडो लोकांच्या आधार, पॅन आणि बँक पासबुकच्या प्रती पडून असतात. त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधून आलेला फुकटचा गेम टाकला जातो. इन्स्टॉल करताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते आणि मुलं ती पाळतात. अशा फाइलमधून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सहज आत येतात. नुकसान मग गेम खेळणाऱ्यापुरतं राहत नाही. ज्या आजीने पेन्शनच्या अर्जासाठी विश्वासाने कागद दिले, तिच्यापर्यंत ते पोहोचतं.

किमान एवढं तरी करा. विंडोजमध्ये कामाचं आणि गेमचं अशी दोन वेगळी खाती ठेवा, गेमच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. गिऱ्हाइकांच्या फाइल कूटबद्ध केलेल्या ड्राइव्हवर ठेवा, काम झालं की काढून टाका. वेगळी खाती म्हणजे पक्की भिंत नव्हे, त्यामुळे क्रॅक केलेला गेम त्या यंत्रावर नकोच. व्हॅलोरंटसारखे अधिकृत गेम मोफतही आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा सिस्टीमच्या अगदी आतल्या थरात चालते. कंपनीने कामासाठी दिलेला लॅपटॉप असेल तर तिथे असं काही टाकण्याआधी परवानगी घ्या.

बॉक्स उघडण्याआधी

सूट जितकी मोठी, तितका माल गोदामात जास्त दिवस पडून असण्याची शक्यता असते. बॅटरी न वापरताही जुनी होते. पहिल्याच दिवशी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल, तर परतीची मुदत आहे तोवर बदलून मागा. कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून मोजली आहे तेही पाहा. ती बिलाच्या तारखेआधीच सुरू झालेली दिसली तर बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते. 'ऑन-साइट' वॉरंटी आपल्या पिनकोडवर लागू आहे का, हे खरेदीआधी विचारून उत्तर लेखी घ्या. नाहीतर बिघडलेला लॅपटॉप पिशवीत घालून दूरच्या शहराची वाट धरावी लागते आणि दरम्यान हातातलं काम थांबतं.

डिलिव्हरीच्या वेळी बॉक्स समोर उघडून पाहण्याची सोय असेल तर ती घ्या आणि पाहिल्यावरच ओटीपी सांगा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यातून सुटलं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी तक्रार नंदुरबारला दाखल होते, ऑनलाइनही करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. बिल, व्हिडिओ आणि तो बॅटरी रिपोर्ट तेवढा त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, फोनवर किंवा ईमेलमध्ये ठेवा.