नित्याचे प्रसाधन : थोडे, पण नेटके

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९१६ साली, बंगळूर येथे साबणाचा सरकारी कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या निर्यातीस खीळ बसली होती. त्या अडचणीतून म्हैसूरचा चंदनी साबण जन्मास आला आणि घरोघरी पोहोचला. चंदनाची उटी, कुंकू, घरी धरलेले काजळ हा शृंगार महाराष्ट्रालाही परका नाही. आज त्याच्या जोडीला फाउंडेशन, कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिक आले आहे. साधने वाढली, तशा चुकाही वाढल्या.

पूर्वतयारी

प्रसाधनाचा पाया म्हणजे स्वच्छ त्वचा. चेहरा सौम्य साबणाने धुऊन हलकेच टिपावा, मॉइश्चरायझर लावावे आणि ते मुरेपर्यंत काही मिनिटे थांबावे. घाईत ओल्या चेहऱ्यावर लावलेले फाउंडेशन ठिकठिकाणी जमा होते. दिवसा बाहेर पडणाऱ्यांनी त्याआधी सनस्क्रीन अवश्य लावावे.

छटेची निवड

फाउंडेशन हाताच्या पाठीवर लावून पाहणे ही सर्वांत सामान्य चूक होय. हाताचा आणि चेहऱ्याचा वर्ण क्वचितच एक असतो. छटा जबड्याच्या कडेवर लावून दिवसाच्या उजेडात पाहावी. जी त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली. उजळ दिसण्याच्या मोहाने फिकी छटा घेतली, की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी पडते. पावडरही कपाळ, नाक व हनुवटी एवढ्यापुरती, ब्रशने हलकी फिरवावी. कोकणातील दमट हवेत थर जितका जाड, तितका तो लवकर ओघळतो.

डोळे, ओठ आणि कपाळ

डोळे ठळक केले असतील तर ओठांवर सौम्य रंग ठेवावा. कार्यालयात दोन्ही गडद शोभत नाहीत. काजळ, मस्कारा आणि लिपस्टिक मैत्रिणीलाही देऊ नये, कारण त्यांतून जंतुसंसर्ग पसरतो. मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा. काही सुरम्यांत शिसे आढळते. लहान मुलांच्या डोळ्यांत तर असे काही घालूच नये. चिकट टिकलीच्या गोंदातील एका रसायनामुळे काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली किंवा रंग फिकटला, तर टिकली त्वरित थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

गोरेपणाची महागडी किंमत

या साऱ्या चुका धुऊन निघतात. एक मात्र निघत नाही. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. तिघीही स्थानिक पातळीवर मिळालेले, त्वचा उजळवणारे क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण अतोनात आढळले. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळल्याचा भास होतो; पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात पोहोचतो. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार सामान्य प्रसाधनांत अनवधानाने राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. वैद्यकीय सल्ल्याविना वापरलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांचाही असाच धोका आहे. त्वचा पातळ होते, मुरुमे उठतात आणि मलम थांबवताच चेहरा लालबुंद होतो.

म्हणून वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम तारीख नसेल, तर ती डबी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. ‘आठवड्यात गोरेपणा’ अशी हमी कोणी देत असेल, तर तीच सावधगिरीची पहिली खूण समजावी. नवे प्रसाधन प्रथम हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहावे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंनाही हाच नियम लागू आहे.

दिवस संपताना

कितीही थकवा असला तरी प्रसाधन उतरवल्याशिवाय झोपू नये. खोबरेल तेलाचा कापसाचा बोळा डोळ्यांभोवती हलकेच फिरवून मग चेहरा धुवावा. मुरुमांची त्वचा असल्यास मात्र तेल टाळून सौम्य क्लेन्झर वापरावे. ब्रश आणि स्पंज आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावेत.

कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याची सवय सुजाण ग्राहकाला असते. तीच सवय आरशासमोरील डबीबाबत बाळगली, तर चेहऱ्यावर दिसणारे तेज उसने राहणार नाही.